क्रूझवाल्यांनो, गाडी घेण्याआधी बंदर कुठलं ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत कॅरिबियन क्रूझवर जो लेख आला होता तो वाचला. फोटो झकास होते, पण त्यात जाता जाता एक सल्ला दिलाय की जहाजवाल्यांच्या टूर महाग असतात, त्यांच्या नादी लागू नका, बंदरावर उतरा आणि सरळ गाडी भाड्याने घेऊन बेट फिरा. हा सल्ला अर्धा आहे आणि उरलेला अर्धा कोणीतरी सांगायला हवा म्हणून हे पत्र. हल्ली मुलाकडे नाहीतर मुलीकडे अमेरिकेत गेलं की मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून आठवड्याभराची क्रूझ करूनच यायचं असं ठरलेलंच असतं, आम्ही पण केलीय, आणि जहाजावर रोज रात्री जेवणाच्या टेबलावर उद्या टूर की गाडी यावरून जी चर्चा चालते ती बघितली की वाटतं लोक फक्त पैसेच मोजतायत.

पैशाचा हिशोब सोपा आहे हो. समजा जहाजाची टूर माणशी ८० डॉलर, चौघांचे झाले ३२०, आणि गाडी दिवसाला ७०, मग त्यात इन्शुरन्स, तिथे गाडी चालवायचं लोकल परमिट आणि पेट्रोल धरलं तरी निम्म्यात काम होतं. इथपर्यंत लेखकाचं बरोबरच आहे. पण टूर की गाडी हा प्रश्न अख्ख्या कॅरिबियनला म्हणून एकदम विचारताच येत नाही, तो एकेका बंदरासाठी वेगळा विचारावा लागतो, कारण मेक्सिकोच्या कोझुमेलला जे आरामात जमतं ते सेंट लुशियाला केलं तर दिवस वाया जातो, आणि उलटही होतं.

सगळ्यात आधी वेळ. कागदावर लिहिलेलं असतं जहाज बंदरात सकाळी ८ ते संध्याकाळी ५, आपण खूश, ९ तास मिळाले. कुठले ९! जहाज धक्क्याला लागलं तरी तिथल्या अधिकाऱ्यांचा होकार येईपर्यंत कोणाला खाली सोडत नाहीत, मग हजारो माणसं एका दमात निघतात, कार्ड दाखवून खाली पोचेपर्यंत पाऊण तास सहज जातो. गाडीवाल्याचं काउंटर बंदरातच असेल तर नशीब, नाहीतर त्याची व्हॅन येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. काउंटरवर आपल्यापुढे आपल्याच जहाजातली पाच-सात कुटुंबं. मग लायसन्स, क्रेडिट कार्ड, डिपॉझिट ब्लॉक करणं, कुठला इन्शुरन्स हवा कुठला नको त्याच्या सह्या, परमिटचा फॉर्म, मग गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा फोटो, टाकीचा काटा कुठे आहे त्याचा फोटो. चाक हलेपर्यंत १० वाजलेले असतात. येताना हेच सगळं उलटं. ५ ला सुटणार म्हणजे साधारण साडेचारला सगळे आत हवेत, त्याआधी गाडी परत द्यायची, त्याआधी पंप शोधून पेट्रोल भरायचं, त्या पंपावर परत आपल्यासारखेच दहा, म्हणजे साडेतीनला गावात परत आलंच पाहिजे. हातात राहिले साडेपाच तास, त्यात जेवण, आणि रस्ता एकदा तरी चुकणार तो वेळ.

ग्रँड केमनला तर जहाज धक्क्याला लागतच नाही, समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात, त्याला टेंडर म्हणतात. तिथे जहाजाच्या टूरवाल्यांना पहिल्या बोटींमध्ये नेतात आणि बाकीचे नंबर घेऊन लाउंजमध्ये बसून राहतात. समुद्र खवळलेला असेल तर बंदर रद्दच होतं, टेंडरच्या बंदरांना हे जास्त होतं. जहाजाची टूर असली तर पैसे आपोआप परत येतात, बाहेर बुक केलेलं असेल तर त्याची पॉलिसी काय आहे ते आधीच वाचून ठेवायला पाहिजे, नाहीतर गेले.

आणि घड्याळ! ही गोष्ट त्या लेखात एका ओळीत तरी यायला हवी होती. मायामीचं घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे करतात. कोझुमेल, जमैका, केमन इथे ते करत नाहीत. जहाजं बऱ्याचदा स्वतःची वेळ बदलतच नाहीत, मायामीचीच ठेवतात, पण आपला मोबाइल बेटावरचं नेटवर्क पकडतो आणि गुपचूप तिथली वेळ दाखवायला लागतो. म्हणजे जुलै महिन्यात कोझुमेलला तुमच्या मोबाइलमध्ये साडेतीन वाजलेले असतात, तुम्ही निवांत नारळपाणी पीत बसलेले असता आणि जहाजावर साडेचार होऊन शिडी काढायची तयारी सुरू झालेली असते. टूरबरोबर असलं की ही काळजी गाइडची, गाडी घेतली की तुमची. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावून ठेवावं आणि दिवसभर त्यातच बघावं, मोबाइलमध्ये बघूच नये.

आता रस्ता. आपल्याला डावीकडून चालवायची सवय, त्यामुळे बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुशिया, सेंट किट्स, ग्रेनेडा, जमैका, केमन, बहामा इथे आपण त्या अमेरिकन लोकांपेक्षा सुखी असतो, ते बिचारे प्रत्येक वळणावर दचकतात. पण सेंट मार्टिन, अरुबा, कुरासाव, मार्टिनिक, कोझुमेल इथे उजवीकडून. अमेरिकेत राहणारा मुलगा किंवा जावई चालवणार असेल तर त्याचं नेमकं उलटं, म्हणजे एकाच आठवड्याच्या क्रूझमध्ये एका बंदराला सासरे चांगले ड्रायव्हर आणि दुसऱ्याला जावई. सगळ्यात चमत्कारिक सेंट थॉमस. हे अमेरिकेचं बेट, १९१७ मध्ये अमेरिकेने डेन्मार्ककडून विकत घेतलं, पण गाड्या चालतात डावीकडून आणि स्टिअरिंग पण डावीकडेच, कारण गाड्या अमेरिकेतून येतात. म्हणजे ड्रायव्हर बसतो गटाराच्या कडेला आणि समोरून येणारी गाडी जाते शेजारी बसलेल्याच्या खांद्याजवळून. त्यात रस्ते चढाचे, वळणं अशी की वळल्याशिवाय पुढचं दिसत नाही, आणि पुढे एखादा ट्रक रखडत चाललाय तर ओव्हरटेक करता येईल का ते शेजारच्याने मान बाहेर काढून सांगायचं. आमच्या गाडीत हे काम मेव्हण्यांकडे होतं आणि ते दर वेळी "हो... नाही... थांब" असं तिन्ही एका दमात म्हणायचे. मेगन्स बे म्हणून सुंदर किनारा आहे तिकडे, तिथे जायला त्या उघड्या, बाकं टाकलेल्या सफारी टॅक्स्या असतात, माणशी दर ठरलेला असतो, त्यात बसावं आणि डोंगरावरून खालचं बंदर बघत जावं, स्वतः चालवून मिळवण्यासारखं तिथे काही नाही.

सेंट लुशियाबद्दल जरा जास्त लिहितो कारण तिथेच लोक सगळ्यात जास्त फसतात. जहाज लागतं कास्ट्रीजला, बेटाच्या वरच्या अंगाला, आणि ज्यासाठी सगळे जातात ते पिटॉन डोंगर, सल्फर स्प्रिंग्ज वगैरे सगळं सूफ्रिएरजवळ, खालच्या अंगाला. नकाशावर बघितलं तर चाळीसेक किलोमीटर, आपण म्हणतो काय त्यात, तासाभरात पोचू. घाटात गाडी चालवायची सवय असलेल्याला पण तिकडे घाम फुटतो, एक वळण संपलं की दुसरं, मध्येच मिनीबसवाले भन्नाट येतात, सव्वा ते दीड तास नुसता जायला. म्हणजे तीन तास गाडीतच. आम्ही बंदरावरच्या टॅक्सीवाल्याशी दिवसाचं ठरवलं, जहाजावर ओळख झालेलं एक गुजराती कुटुंब सोबत घेतलं, व्हॅन सगळ्यांत वाटून घेतली, जहाजाच्या टूरपेक्षा बरंच स्वस्त पडलं. त्या माणसाने मरिगो बेच्या वर गाडी थांबवली, केळीच्या बागेत घडांना निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या का घालतात ते दाखवलं, सल्फर स्प्रिंग्जला गर्दीच्या आधी पोचवलं, तिथे गाडी जवळपास ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत जाते आणि उतरल्या उतरल्या सडक्या अंड्यांचा वास, राखाडी चिखल खदखदतोय, आमच्या हिने पदर नाकाला लावला तो परत गाडीत बसेपर्यंत. ग्रो पिटॉन ७९८ मीटर, पेटिट पिटॉन ७४३, दोन्ही २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, ही माहिती कुठेही मिळते. पण आमच्या बेटाला दोन नोबेल मिळालीत, आर्थर लुईस यांना १९७९ मध्ये अर्थशास्त्राचं आणि डेरेक वॉलकॉट यांना १९९२ मध्ये साहित्याचं, आणि दोघांचा वाढदिवस एकच, २३ जानेवारी, हे तो टॅक्सीवाला ज्या तोऱ्यात सांगत होता ते ऐकायला तो माणूसच पाहिजे. आणि लगेच पुढे क्रिकेटवाला डॅरेन सॅमी. नोबेल आणि सॅमी एकाच श्वासात, मला तरी आवडलं.

बार्बाडोसला मात्र मी गाडी घ्या म्हणीन. बेट छोटं, बरंचसं सपाट, डावीकडून वाहतूक, इंग्रजी पाट्या, लोक शांत. परमिट काढावं लागतं पण ते गाडीवालाच करून देतो. भाड्याच्या गाड्यांची नंबरप्लेट एच अक्षराने सुरू होते त्यामुळे हा पाहुणा आहे हे सगळ्यांना लांबूनच कळतं आणि लोक सांभाळून घेतात, हॉर्न वाजला तर दचकायचं नाही, बऱ्याच वेळा ते नुसतं थँक्यू असतं. बाथशेबाच्या बाजूला अटलांटिकच्या लाटा बघायच्या, येताना हॅरिसन्स केव्ह करायची, आरामात होतं. आणि ज्याला फक्त क्रिकेटमध्ये रस आहे त्याने गाडीही घेऊ नये आणि टूरही, केन्सिंग्टन ओव्हल बंदरापासून चालत जाण्यासारखं आहे, जिथे २९ जून २०२४ ला आपण दक्षिण आफ्रिकेला ७ धावांनी हरवून वर्ल्डकप घेतला ते हेच मैदान, बाहेर सोबर्सचा पुतळा आहे, फोटो काढा आणि मग साध्या बसने बीचवर जा. बस कितीही लांब गेली तरी साडेतीन बार्बाडोस डॉलर, म्हणजे पावणेदोन अमेरिकन डॉलर. निळ्या सरकारी बसमध्ये सुट्टे लागतात, पिवळ्या मिनीबसमध्ये सुट्टे परत मिळतात पण गाण्याचा आवाज सहन करायची तयारी ठेवा.

कोझुमेल पण गाडीला चांगलं. बेटाला जेमतेम एक मोठा वळसा, साठ-पासष्ट किलोमीटरचा, रस्ता चुकायला जागाच नाही. पश्चिमेला गाव, दुकानं, डायव्हिंगवाले, आणि पूर्वेला नुसता उघडा समुद्र, मधूनमधून एखादी झोपडीवजा खानावळ. तिकडे पोहायला उतरू नका एवढंच, ओढ फार आहे. ऑनलाइन भाडं बघून मात्र हुरळून जायचं नाही. मेक्सिकोत थर्ड पार्टी इन्शुरन्स कायद्याने लागतोच आणि स्वस्त दाखवलेल्या भाड्यात तो बऱ्याचदा धरलेला नसतो, काउंटरवर गेल्यावर आकडा दुप्पट होतो आणि मग त्या पोराशी वाद घालण्यात तुमचाच वेळ जातो. स्कूटर घेऊच नका, आपल्याला सवय असली तरी, उजवीकडून वाहतूक आणि अचानक येणारे उंच स्पीडब्रेकर, त्यांना तिकडे टोपे म्हणतात, सुट्टीत हाडं मोडून घेण्यात काय मजा.

सेंट मार्टिनला वेगळंच. एवढंसं बेट, ८७ चौरस किलोमीटर, त्यात दोन देश, १६४८ च्या तहापासून एक भाग फ्रान्सचा एक डचांचा, सीमेवर कोणी विचारत नाही, हे ऐकून लोक गाडी घेतात की एका दिवसात दोन देश. पण सिंप्सन बेजवळचा पूल बोटींसाठी दिवसातून काही वेळा उघडतो आणि मग मागे ही मोठी रांग, आणि विमानं डोक्यावरून जातात तो माहो बीच नेमका त्याच बाजूला, त्यामुळे दुपारी परत येताना जीव टांगणीला लागतो. फिलिप्सबर्गच्या फ्रंट स्ट्रीटवर दागिन्यांच्या दुकानात सिंधी मंडळी भेटतात, हिंदीत गप्पा होतात, त्यांना विचारा आज किती जहाजं लागलीत, तेवढ्यावरून ट्रॅफिकचा अंदाज येतो.

आता ज्या एका गोष्टीसाठी जहाजवाले टूर खपवतात ती, की आमच्या टूरला उशीर झाला तर जहाज थांबेल, नाहीतर आम्ही तुम्हाला पुढच्या बंदराला आमच्या खर्चाने पोचवू. हे खरं आहे. थोडं भीती घालून विकतात पण खरं आहे. लोक म्हणतात एवढ्यासाठी दुप्पट पैसे कशाला द्यायचे, आणि अमेरिकन माणसाने म्हटलं तर ठीक आहे, जहाज चुकलं तर तो कार्ड काढून विमानाचं तिकीट घेईल, हळहळेल आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या बेटावर जाऊन चढेल. आपला पासपोर्ट भारतीय असतो. जहाजावरून दिवसभरासाठी उतरताना जो देश काही विचारत नाही तोच देश विमानाने उतरल्यावर व्हिसा मागू शकतो. बार्बाडोस, डॉमिनिका, जमैका आपल्याला व्हिसा मागत नाहीत, पण पुढचं बंदर मार्टिनिक असेल तर ते फ्रान्स आहे हे लक्षात घ्या. आणि कधीकधी पासपोर्ट तुमच्याकडे नसतोच, तो जहाजाच्या ऑफिसात जमा असतो किंवा केबिनच्या तिजोरीत. त्यामुळे अमेरिकन लोकांच्या सल्ल्यांवरून आपण हिशोब करू नये, त्यांना जो फक्त खर्चाचा प्रश्न आहे तो आपल्याला कागदपत्रांचाही आहे. जहाजाच्या रोजच्या पत्रकात तिथल्या पोर्ट एजंटचा, म्हणजे बंदरावर जहाजाचं काम बघणाऱ्या माणसाचा, फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवल्याशिवाय तर खाली उतरूच नये. आणि ज्या बंदराचा रस्ता लांबचा, वळणाचा किंवा ट्रॅफिकचा, तिथे एवढी खात्री विकत घ्यायला मला तरी काही वाटत नाही.

टूरची बाजू घेतोय असं वाटेल, तर तसंही नाही. चाळीस-पन्नास माणसांची बस, एकजण बाथरूमला गेला की सगळे थांबणार, जे बघायला आलो तिथे पंचवीस मिनिटं आणि ज्या दुकानात कोणाला जायचं नव्हतं तिथे पाऊण तास, मसाले, रम, टीशर्ट. कंटाळा येतो. म्हणून मला विचाराल तर बहुतेक डोंगराळ बेटांवर मधला मार्ग बरा, बंदराबाहेरची लायसन्सवाली टॅक्सी दिवसाला ठरवायची. बऱ्याच बेटांवर दराचा बोर्ड लावलेला असतो, तो बघायचा, भाडं गाडीचं आहे की माणशी ते आधी विचारायचं, डॉलर अमेरिकन की तिथले तेही विचारायचं, कारण पूर्वेकडच्या बऱ्याच बेटांवर ईस्टर्न कॅरिबियन डॉलर चालतो आणि एका अमेरिकन डॉलरला ते २.७० येतात, नुसतं "हंड्रेड" ऐकून हो म्हणायचं नाही. परत किती वाजता पोचायचं ते जहाजाच्या वेळेत सांगायचं आणि पैसे शेवटी द्यायचे. त्या ड्रायव्हरला उद्या परत याच बंदरावर उभं राहायचं असतं, त्यामुळे तुम्ही वेळेत पोचावं ही गरज त्याचीही असते.

अजून एक, हे फार कोणी बोलत नाही. घरातला एकजण गाडी चालवतो म्हणजे त्या दिवशी त्याने बेट बघितलेलंच नसतं. बाकीचे मागे बसून "अय्या ते बघ" करत असतात आणि याचे डोळे रस्त्यावर, शेजारी बसलेल्याचे मॅपवर, नेटवर्क मध्येच जातं मग दोघांची जुंपते. संध्याकाळी फोटो बघताना कळतं की अरे इथून आपण गेलो होतो का. घरच्यांचे वाचलेले पैसे त्या एका माणसाच्या दिवसातून वजा झालेले असतात. ज्याला चालवण्यातच मजा येते त्याची गोष्ट वेगळी, आमच्यात एक तसे आहेत, त्यांना बेट नाही दिसलं तरी चालतं, गाडी कुठली मिळाली ते महत्त्वाचं.

तेव्हा संपादकसाहेब, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा प्रत्येक बंदराखाली चार ओळी तेवढ्या टाका, की जहाज धक्क्याला लागतं की टेंडर आहे, वाहतूक डावीकडून की उजवीकडून, गाडीला लोकल परमिट लागतं का, आणि मुख्य बघायची जागा बंदरापासून किलोमीटरमध्ये नाही तर वेळेत किती लांब आहे. लेखकांना हे माहीत असणारच, ते फिरून आलेत. जागा कमी पडत असेल तर सूर्यास्ताचे जे तीन फोटो होते त्यातला एक कमी केला तरी चालेल.

आपला,
एक नेहमीचा वाचक